झऱ्यावरचं पांढरं पाणी

दुरून डोंगर साजरे असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं, तो माणूस नक्की बोगद्यात काम करून बाहेर आलेला असणार. आमचा डोंगर बाहेरून बघाल तर पहिलवान. आत शिरलं की सगळा कुजका. पन्नास मीटर बरा दगड लागला की पुढे शंभर मीटर नुसता चुरा, त्यात चिकणमाती, आणि त्यातून पाणी. छताला लोखंडी कमानी लावल्या की महिन्याभरात त्या वाकायच्या. रस्त्याचा बोगदा, लांबी अडीच किलोमीटर, चार वर्षांत पुरा होणार असं कागदावर होतं. ज्याने तो कागद लिहिला त्याला एकदा धरून आणावा आणि त्या चिखलात गुडघाभर उभा करावा, अशी माझी फार इच्छा होती. सातव्या वर्षी आम्ही जेमतेम निम्म्यावर होतो. लोक चेष्टेने विचारायचे, काय हो, डोंगर पोखरून किती उंदीर काढले? मी चिडायचो. हल्ली चिडत नाही.

माझं काम डोंगराला सिमेंट पाजायचं. जिथे खणणं चालू असतं त्या पुढच्या भिंतीला आम्ही फेस म्हणतो. त्या फेसमध्ये लांब लांब भोकं पाडायची आणि पंप लावून त्यांतून पातळ सिमेंट दाबाने आत भरायचं. भेगा बुजतात, चुरा धरून राहतो, पाणी अडतं, मग पुढे खणता येतं. इंजेक्शनं देतो म्हणून साइटवर सगळे मला डॉक्टर म्हणायचे. तीस वर्षांत पाच बोगदे केले. माझ्या हाताखाली शिकलेली माणसं आज दुसरीकडे फोरमन आहेत. म्हणजे मला कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये. कळत होतं, हेच तर दुखणं आहे.

या डोंगराच्या खांद्यावर, आमच्या फेसच्या बरोबर डोक्यावर सव्वाशे मीटर वर, अकरा घरांची वस्ती होती. तिथे माझी ताई राहायची. तिचं ते सासर. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा आणि ताई तेरा. वडील कामासाठी बाहेरच्या बाहेर. माझं नाक पुसण्यापासून माझ्यासाठी शाळेत जाऊन मास्तरांशी भांडण्यापर्यंत सगळं तिने केलं. मी आता बावन्न वर्षांचा, डोक्यावर एक केस नाही, तरी ती मला चारचौघांत छोट्या म्हणून हाक मारते. एकदा ती साइटवर आली होती आणि पंपवाल्याने ते ऐकलं. महिनाभर बोगद्यात छोट्यासाहेब, छोट्यासाहेब चाललं होतं.

मी इथे आलो तोही तिच्यासाठीच. दाजींचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा घाटात दरड पडलेली होती. चार माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून डोंगर ओलांडला. नऊ तास लागले, आणि दाजी सातव्या तासाला गेले. ताई पुढचे दोन तास त्यांचा हात धरून चालत होती, कारण खुर्ची उचलणाऱ्यांना कळलं तर ते थांबतील असं तिला वाटलं. हे तिने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्यामुळे बोगद्याचं काम निघालं तेव्हा मी दुसरीकडची बरी जागा सोडून इथे आलो. तिला म्हटलं, नऊ तासांची बारा मिनिटं करून देतो. आज खरंच बारा मिनिटं लागतात. वस्तीवरून जायला कोणी उरलं नाही, एवढंच.

वस्तीच्या मागे एक झरा होता. खडकाच्या फटीतून मनगटाएवढी धार, बाराही महिने. खाली दगडाची कुंडी, कुंडीतून पाट, पाटावर सगळ्यांच्या फळबागा आणि गुरं. विहीर नाही, नळ नाही, नदी खाली दरीत. अकरा घरं त्या एका धारेवर उभी होती. ताई म्हणायची, हा झरा आहे म्हणून मी आहे, नाहीतर दाजी गेल्यावर कधीच गाशा गुंडाळला असता. तिथली झाडं तिने आणि दाजींनी मिळून लावली होती. तिला दुसरीकडे जायचं नव्हतं, आणि मला तिला दुसरीकडे जाऊ द्यायचं नव्हतं.

सातव्या वर्षी आम्हाला पाणी लागलं. लागलं म्हणजे कसं, तर भोक पाडताना ड्रिलचा दांडा आतून उलटा फेकला गेला आणि मागे आगीच्या बंबासारखी धार. दोन माणसं पडली, एकाचा खांदा निखळला. काम बंद. पंप लावून पाणी बाहेर काढायचं आणि हातावर हात ठेवून बसायचं. तिसऱ्या आठवड्यात ताईचा फोन आला की झऱ्याची धार बोटाएवढी झालीय. तिने तक्रार म्हणून नाही सांगितलं. घरातली बातमी सांगावी तसं सांगितलं. मला मात्र पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं, कारण तिच्या कुंडीतलं पाणी कुठे जातंय ते मी रोज डोळ्यांनी बघत होतो. आमच्या फेसमधून निघून, गटारातून वाहत, बाहेर ओढ्याला.

आमच्याकडे एक भूगर्भवाल्या बाई होत्या. दिवसभर हातोडीने दगड फोडून वहीत लिहायच्या, म्हणून सगळे त्यांना दगडबाई म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. त्यांना मी झऱ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सिमेंट भरायच्या आधी रंग घातलेलं पाणी भोकातून पंप करून बघा. वर झऱ्यावर रंग दिसला तर समजा की वाट सरळ तिकडेच जाते, मग जपून करावं लागेल. तीन दिवस लागतील. मोठे साहेब, म्हणजे आमचे प्रकल्प प्रमुख, म्हणाले की तीन दिवस कुठून आणू. आणि खरं सांगायचं तर मीही आग्रह धरला नाही. साहेबांपेक्षा मलाच जास्त घाई होती. माझ्या डोक्यात एकच होतं: फेसमधलं पाणी अडवलं की झरा परत भरेल. ताईला तसं सांगूनही टाकलं. धार परत आली की पहिल्यांदा गढूळ येईल, घाबरू नका, मिळेल तेवढं भरून ठेवा. तिने ते सगळ्या वस्तीला सांगितलं. माझा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ.

आमच्या कामात एक नियम आहे, आणि तो मी स्वतः पोरांना ओरडून ओरडून शिकवलाय. एका भोकात दोनशे पोती सिमेंट गेलं आणि दाबाचा काटा चढला नाही, तर थांबायचं. माल जातोय आणि काटा हलत नाही, म्हणजे तो भेगा भरत नाहीये, कुठेतरी मोकळ्यावर चाललाय. थांबायचं, आत गेलेलं घट्ट होऊ द्यायचं, दुसऱ्या दिवशी तेच भोक परत पाडायचं आणि थोडं थोडं भरायचं. वेळ जातो, पण डोंगर कुठे पळून जात नाही.

त्या दिवशी सकाळी सहाला सुरू केलं. साडेदहाला तीनशे पोती गेली होती. काटा एका जागी उभा. पंपवाल्याने माझ्याकडे बघितलं. तो माझ्याच हाताखालचा, त्याला नियम पाठ. मोठे साहेब तिथेच होते. त्यांनी विचारलं, काय करायचं डॉक्टर? मी म्हटलं, भेग मोठी आहे, भरेल, चालू ठेवू या. साहेबांनी आनंदाने सही केली. त्यांना हवं ते मी बोललो होतो, आणि मला हवं ते डोंगर करेल असं मी धरून चाललो होतो.

अकरा वाजता चहाला बाहेर आलो. आत मोबाइल लागत नाही, तोंडाशी आलं की लागतो. बाहेर पाय ठेवला आणि फोन वाजला. ताई.

"छोट्या, पाणी आलं रे. चांगलं मनगटाएवढं. सगळे धावत आलेत बघ झऱ्यावर."

मला इतका आनंद झाला की मी कप बाजूच्या पिंपावर ठेवला आणि उगाच हसलो. म्हटलं, सांगितलं होतं की नाही?

"पण पांढरं आहे. दुधात पाणी घालावं तसं. तू गढूळ म्हणाला होतास. हे गढूळ नाही वाटत. गाय तोंड लावेना."

"दगडाचं पीठ असतं ते ताई. निवळेल. भरून ठेव, सगळ्यांना सांग."

"नक्की ना?"

"अगं, तीस वर्षं हेच करतोय मी."

ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या मागे लोकांचा गलका ऐकू येत होता, भांड्यांचे आवाज येत होते.

आता मला कळलं होतं की नव्हतं? तेव्हापासून मी स्वतःला हेच विचारतोय. दगडाचं पीठ मिसळून पाणी पांढुरकं येतं, हे खोटं नाही. मी पाहिलंय. पण मी तसाच आत गेलो आणि पंपवाल्याला म्हटलं, माल दाट कर आणि लवकर घट्ट करणारं औषध घाल. ज्याला वाटतं की सगळं ठीक चाललंय, तो मिश्रण दाट करायला का सांगेल? मी सांगितलं. पंपवाल्याने विचारलं, वर काही कळलं का? मी म्हटलं, काही नाही, तू तुझं काम कर. हे शब्द माझ्या तोंडून गेले. कोणी माझ्या तोंडात घातले नव्हते.

दुपारी चारला काटा चढला. वीस, तीस, चाळीस. फेसमधली धार बारीक झाली, ठिबकायला लागली, थांबली. सात आठवड्यांनी बोगद्यात पाण्याचा आवाज बंद झाला आणि माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. सहाशे चाळीस पोती. मोठ्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. तो फोटो अजून ऑफिसच्या भिंतीवर असेल. त्यात मी हसतोय.

कपडे बदलून ताईला फोन लावला. ती खुशीत होती. धार आता थांबली म्हणाली, पण सगळ्यांनी घरातलं भांडं न् भांडं भरलंय.

"आणि तू म्हणालास तसंच झालं बघ. निवळतंय. वर स्वच्छ पाणी आलंय, खाली साका बसतोय."

मी बाकावर बसलो. साका म्हणजे काय ते मला विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, ताई, ओतून टाक. सगळ्यांना सांग, आत्ताच्या आत्ता ओतून टाका. ती म्हणाली, वेडा आहेस का, एवढं मुश्किलीने भरलंय. मग मी काहीतरी ओरडलो असेन. तिने भांडं कलतं केल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने म्हणाली, "ओतलं जात नाहीये रे. बसलंय ते."

सकाळी पायवाटेने वर गेलो. एकेका दारासमोर भांडी मांडून ठेवलेली. पातेली, बादल्या, डबे, प्लॅस्टिकची पिंपं, दुधाच्या किटल्या, एका घरी लहान बाळाला अंघोळ घालायचा टब. सगळ्यांत वर दोन बोटं नितळ पाणी, आणि खाली करडा दगड. वस्तीतला म्हातारा सुतार बादली उलटी करून तिच्या बुडावर लाकडी हातोड्याने ठोकत होता. बादलीच्या आकाराचा दगड सुटून बाहेर पडला. त्याने तो उचलून भिंतीशी ठेवला आणि दुसरी बादली घेतली.

झऱ्याच्या फटीतून सिमेंटची जीभ बाहेर आली होती. गुळगुळीत. तिच्यावरून हात फिरवला तर आमच्याच मालाचं काम, एकदम पहिल्या नंबरचं, कुठे भेग नाही, पोकळी नाही. मी जन्मात इतकं चांगलं बुजवलेलं भोक पाहिलं नव्हतं. कुंडी काठोकाठ भरून बसलेली. पाटावर पांढरी साय, झाडांच्या बुंध्यापर्यंत. गाय बांधलेली होती आणि माझ्याकडे बघत होती. त्या जनावराला कळलं आणि तीस वर्षांच्या डॉक्टरला कळलं नाही.

ताई उंबऱ्यात बसली होती. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, ओल्या सिमेंटने कातडी जळते तशा. रात्रभर पातेली खरवडत होती. मला म्हणाली, "काढता येईल ना रे?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

मग बैल गेला आणि झोपा केला, तसं चाललं. मी सुट्टी टाकून, साइटवरून ड्रिल मागून घेऊन झऱ्याच्या तोंडाशी भोकं पाडली. पहिलं सहा मीटर, सिमेंट. दुसरं अकरा मीटर, सिमेंट. तिसरं आणि चौथं दगडातून, कोरडं ठाक. सुतार रोज येऊन बसायचा आणि भोकाला कान लावायचा. चौथ्यानंतर दगडबाई वर आल्या, बराच वेळ हिंडल्या, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या की शीरच भरली आहे, मुळापासून. पाणी दुसरी वाट काढेल, पलीकडच्या दरीत, कदाचित पुढच्या वर्षी, कदाचित आपण सगळे मेल्यावर. मी विचारलं, आतून परत फोडलं तर? आतून फोडलं तर बोगदा जाईल, आणि बोगद्यात माणसं होती.

कंपनीने टँकर सुरू केला. तो खाली रस्ता संपतो तिथपर्यंत यायचा. तिथून डोक्यावर, पाऊण तासाची चढण. पहिल्या वर्षी चार घरं गेली, वस्तीवरच्या शाळेतल्या बाई गेल्या. झाडं वाळली. ताईची गाय विकायची वेळ आली तेव्हा ती स्वतः खालपर्यंत तिला सोडायला गेली, आणि परत येताना एक कॅन पाणी घेऊन आली. मी दर रविवारी दोन कॅन घेऊन वर जायचो. ती चहा करायची, त्याच पाण्याचा. आम्ही त्या फोनबद्दल एक अक्षर बोललो नाही. वस्तीला एवढंच माहीत होतं की मी आधीच गढूळ पाण्याचं सांगून ठेवलं होतं. अकरा वाजता ती झऱ्यापासून थोडी वर जाऊन, खडकावर उभी राहून मला काय म्हणाली, ते तिला आणि मला सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी चौकशी लागली. सरकारने चौकशी अधिकारी म्हणून एक निवृत्त इंजिनिअर नेमले. दगडबाईंनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. डोंगराच्या पोटात काय आहे हे कोणालाच कळणं शक्य नव्हतं असं ठरलं, तर तो निसर्गाचा कोप, कोणाची जबाबदारी नाही, टँकरही बंद. पण पांढरं पाणी दिसल्याचं कोणी साइटवर कळवलं होतं आणि तरी पंप चालू ठेवला असं ठरलं, तर दोष कंपनीचा, आणि दरीतल्या नदीवरून पंप आणि पाइपलाइन टाकून वस्तीला कायमचं पाणी द्यावं लागेल. बाई म्हणाल्या, सगळं त्या एका गोष्टीवर आहे, डॉक्टर. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या.

मोठ्या साहेबांनीही समजावलं, त्यांच्या पद्धतीने. चहा मागवला, दार लावलं. म्हणाले, कोणी कळवलं नव्हतं ना? म्हणजे कळवलं असतं तर तुम्ही थांबला असतात, तुमच्यासारखा माणूस. आणि न थांबणं म्हणजे मग गुन्हा झाला, तो तर प्रश्नच नाही. मी मान हलवली. कशाला हलवली ते त्यांनाही कळलं आणि मलाही.

चौकशीच्या दोन दिवस आधी मी वर गेलो. मनात होतं, ताईचे पाय धरावेत. कशासाठी, ते ठरवलं नव्हतं. तिने मला बसू पण दिलं नाही, सरळ विचारलं, "तिथे काय सांगू मी?"

जे झालं ते सांग, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. मी म्हटलं, "तुला योग्य वाटेल ते सांग."

ती कॅनमधलं पाणी पातेल्यात ओतायला लागली, आणि म्हणाली, बरं.

चौकशी आमच्या कँटीनमध्ये झाली. जेवणाची टेबलं भिंतीला सरकवलेली, पुढे एक टेबल अधिकाऱ्यांना, पाणी प्यायला जग आणि ग्लास. वस्तीवरून उरलेल्या सात घरांची माणसं आली होती, पहिल्या दोन ओळींत बसली होती. सुताराने धुतलेला सदरा घातला होता. आम्ही साइटची माणसं दुसऱ्या बाजूला. अधिकारी साधे होते, कोणावर आवाज चढवत नव्हते. त्यांनी कागद बघितले, पोत्यांचा आकडा विचारला, मी सांगितला. नियम विचारला, तोही सांगितला. जास्त पोती साहेबांच्या सहीने गेली हे कागदावर होतंच. ते म्हणाले, ही कामातली जोखीम झाली. मला विचारायचं आहे ते वेगळं आहे. मग त्यांनी वस्तीकडे वळून विचारलं, पांढरं पाणी दिसल्यावर तुमच्यापैकी कोणी बोगद्यावर कळवलं का?

सुतार उठला. म्हणाला, आम्ही भांडी भरत होतो, साहेब. आमच्यात बोगद्यावर ओळख एकच आहे. ताईंना विचारा, त्यांचा भाऊ आहे तिथे.

सगळी वस्ती तिच्याकडे वळली. त्यांच्या तोंडावर मला जे दिसलं ते मी विसरू शकत नाही. आशा होती ती. सात घरांची माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, की ही आता हो म्हणेल आणि पाणी येईल.

ताई उठली. पदर सारखा केला.

"नाही," ती म्हणाली. "मी कोणालाच फोन केला नाही."

आणि तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी लहानपणी शाळेत कविता म्हणायला उभा राहिलो आणि अडलो, की ती खिडकीतून बघायची ना, तशी. ओळ मला येते हे तिला माहीत असायचं.

अधिकारी थोडे थांबले. म्हणाले, "या बाबतीत आणखी कोणाला काही सांगायचंय?"

मी खुर्चीची कड धरली होती. समोरच्या टेबलावर कपाचा गोल डाग होता, त्याच्याकडे बघत होतो. मोठे साहेब माझ्या बाजूलाच होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी मनात म्हणत होतो, ऊठ. ऊठ, मेल्या, ऊठ. तिने तुझ्यासाठी मास्तरांशी भांडणं केली, ऊठ. नोकरी जाईल, तीस वर्षांचं नाव जाईल, कदाचित आत बसावं लागेल. पण सात घरं राहतील, तिचं घर राहील. हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं, आणि मी बसून राहिलो. भित्रा माणूस आहे मी. दुसरा कुठला शब्द मी शोधला नाही आणि शोधणारही नाही.

ठीक आहे, असं म्हणून अधिकाऱ्यांनी लिहिलं.

बाहेर पायरीवर वस्तीची माणसं थोडा वेळ घोळक्याने उभी होती. मग सुतार ताईसमोर आला. त्याचं वय सत्तरच्या पुढे, ताईला मुलीसारखं वागवणारा माणूस.

"एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला?" तो म्हणाला. "एक फोन."

ताई खाली बघत राहिली. म्हणाली, चुकलं माझं. त्याने मान हलवली आणि चालू पडला. बाकीचे त्याच्यामागे, खाली मान घालून, तिच्या अंगावरून निघून गेले. शेजारची बाई, जी तिच्या चुलीवर चहा करून प्यायची, तीही थांबली नाही.

आम्ही दोघं उरलो. मी म्हटलं, ताई. तू माझ्यासाठी, असं काहीतरी म्हणायला लागलो.

"तुझ्यासाठी नाही रे," ती म्हणाली. "मी हो म्हटलं असतं तर तुला मी पकडून दिलं असतं. ते मला जमणार नव्हतं. मी नाही म्हटलं. मला वाटलं, तू उठशील."

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. कँटीनच्या आवारात अधिकाऱ्यांची गाडी उभी होती. ते आत बसले होते, मांडीवर कागद घेऊन काहीतरी वाचत होते, आणि ड्रायव्हर फडक्याने पुढची काच पुसत होता. निवांत पुसत होता, एक कोपरा झाला की दुसरा.

ताई म्हणाली, "गाडी अजून उभी आहे, छोट्या."

पंधरा पावलं असतील. मी मोजली आहेत, नंतर कितीतरी वेळा तिथे जाऊन मोजली आहेत. ड्रायव्हरने फडकं झटकलं, घडी केली, सीटखाली ठेवलं, दार ओढून घेतलं. ताई माझ्या बाजूला उभी होती आणि वाट बघत होती. गाडी सुरू झाली, वळली आणि फाटकातून गेली. मग ताईही निघाली, पुढे गेलेल्या लोकांच्या मागून, त्यांना गाठायची घाई न करता.